सगळ्या टेपांचं कोण विचारतंय

दादा, तू जाऊन आज सव्वीस दिवस झाले. या सव्वीस दिवसांत मी रोज एक उद्योग करते, तो तू पाहिला असतास तर पोट धरून हसला असतास. कॉलेजचा जिना चढून आले की स्टाफरूममध्ये शिरायच्या आधी खिडकीपाशी थांबते आणि मनगटावर दोन बोटं ठेवून नाडी बघते. शिपाई समोरून आला तर घड्याळ बघतेय असं दाखवते. एखादा ठोका पुढेमागे झाल्यासारखा वाटला की पुन्हा पहिल्यापासून मोजते, आणि मोजायला लागले की पुढचे ठोके खरंच पुढेमागे होतात. मग पाणी पिते आणि वर्गावर जाते.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात तुझ्याबद्दल सगळे चांगलं बोलले. शेवटी माईक माझ्याकडे आला. बहीण प्राध्यापक आहे, काहीतरी छान बोलेल, अशी सगळ्यांची अपेक्षा. मी 'माझा दादा' एवढंच म्हणाले आणि खाली बसले. मागून कोणीतरी पाठीवरून हात फिरवला. लोकांना वाटलं, दुःखाने शब्द फुटेना. दुःख होतंच रे. पण त्या वेळी माझी वाचा बसली ती भीतीने. तुझ्या फोटोशेजारी बाबांचा फोटो ठेवला होता आणि दोन्ही चेहरे एकाच वयाचे दिसत होते. तिथे जे बोलायचं राहिलं ते आता तुझ्याशीच बोलते, कारण दुसऱ्या कोणाला ते अर्धंही कळणार नाही.

बाबा पन्नाशीतच अंबरनाथच्या कारखान्यात उभ्या उभ्या कोसळले तेव्हा तू अठरा वर्षांचा होतास, मी तेरा. हृदय बंद पडलं, एवढंच आपल्याला सांगितलं गेलं आणि आपणही पुढे काही विचारलं नाही. तू आयटीआय सोडलंस आणि उल्हासनगरला, कॅम्प चारला, लछूशेठच्या कशिद्याच्या गाळ्यात चिकटलास. महिन्याभराने घरी आलास तो कागदाची एक लांब पट्टी घेऊन. तिच्यावर आडव्या ओळींत बारीक छिद्रं होती. मी विचारलं, हे काय? तू म्हणालास, "मोर आहे."

मग तू समजावलंस. कापडावर कशिदा काढणाऱ्या मशीनला मोर कळत नाही, त्याला छिद्रं कळतात. एकेक ओळ म्हणजे एकेक हुकूम. सुई इकडे ने, तिकडे ने, टाका घाल, धागा बदल, थांब. ती पट्टी म्हणजे टेप, आणि छिद्रं पाडणारा तो पंचिंग मास्तर. आता सगळं कॉम्प्युटरवर होतं, डिझाइन पेनड्राइव्हवरून मशीनमध्ये जातं, कागद कधीच गेला. तरी उल्हासनगरात अजून त्याला पंचिंगच म्हणतात आणि तुला शेवटपर्यंत सगळे पंचिंगवाले मास्तरच म्हणत होते.

चुकून जादा छिद्र पडलं की तू त्यावर टिकली चिकटवायचास. माझी. काळ्या टिकल्यांचं पाकीट आरशामागून गायब व्हायचं आणि आई बिचारी तुझ्याकडे संशयाने बघायची. तिची खात्री होती की तू कॅम्पातल्या कुठल्या तरी मुलीला टिकल्या नेऊन देतोस. तिने एकदा मला तुझ्या मागावरही पाठवलं होतं, हे तुला मी कधी सांगितलं नाही. गाळ्याच्या दारातून मी पाहिलं तर तू मांडी घालून बसला होतास आणि एका कागदी मोराला टिकल्या लावत होतास.

त्याच टिकलीने तुला एकदा गोत्यात आणलं. साडीच्या काठाचं डिझाइन होतं. एकच फूल पुन्हा पुन्हा काढायचं म्हणून तू टेपेची दोन्ही टोकं चिकटवून ती गोल केली होतीस. दर फुलानंतर मशीन थांबायचं, कारागीर कापड पुढे सरकवायचा, मग पुढचं फूल. कुठली तरी टिकली सुटली आणि फिरत फिरत नेमकी 'थांब'च्या छिद्रावर जाऊन बसली. मशीन थांबेना. तू चहाला गेला होतास आणि कारागिराला बंद करायची हिंमत होईना, कारण मास्तरांच्या टेपेत हात घालायचा नाही असा तुझाच दंडक. एका फुलावर दुसरं, त्यावर तिसरं, असं करत दोऱ्याचा दगड झाला आणि सुया एकामागून एक मोडायला लागल्या. लछूशेठ गल्लीत येऊन ओरडत होते, "साईं, मास्तर को बुलाओ, ये रुकेगा कब?"

त्या दिवसापासून तुझी ती सवय सुरू झाली. टेप मशीनवर चढवायच्या आधी तू ती पहिल्यापासून शेवटपर्यंत बोटांतून सरकवायचास, डोळे मिटून. कितीही घाई असो. लछूशेठ गिऱ्हाइकाला म्हणायचे, "थोडा बैठो, मास्तर माला जप रहा है." तू हसायचास, पण बोटं थांबवायचा नाहीस. तुझा नियम एका वाक्याचा होता. टेप वाचल्याशिवाय चढवायची नाही.

मी कॉम्प्युटरच्या एमएस्सीला गेले आणि तिथे तुझी टेप पुन्हा भेटली. गणनशास्त्राचा पहिलाच तास होता. सरांनी सांगितलं, हा सगळा विषय ज्या यंत्रापासून सुरू झाला ते यंत्र कोणी बांधलेलंच नव्हतं. एका पंचविशीच्या आतल्या पोराने ते नुसतं मनात मांडलं होतं. तेव्हा मोठमोठे हिशेब माणसंच करायची, ओळीने टेबलांशी बसवलेली. त्याने अशा माणसाकडे नीट बघितलं. हा काय करतो? कागदावरची एक खूण बघतो, मनात काहीतरी धरून ठेवतो, खूण पुसतो किंवा नवी करतो, आणि एक घर पुढे किंवा मागे सरकतो. बस्स. एवढंच करणारं एक यंत्र आणि न संपणारी एक टेप घेतली, की माणसाला पायरी पायरीने जे जे काढता येतं ते सगळं त्यातून निघतं. मी घरी येऊन हे तुला उत्साहाने सांगितलं. तू भाकरी मोडत ऐकत होतास.

"मग हे आमचंच मशीन झालं की," तू म्हणालास. "फक्त त्याने पुसायची सोय ठेवलीय. आम्ही टिकली लावतो."

मी आजवर त्या यंत्राचं याहून चांगलं वर्णन ऐकलेलं नाही. दरवर्षी वर्गात हेच वाक्य सांगते. श्रेय तुलाच देते, घाबरू नकोस.

आणि तू माझ्या वर्गात आलास तो दिवस. इस्त्रीचा शर्ट, तेल लावून बसवलेले केस, हातात जुन्या टेपांची पिशवी. दारातच माझ्या कानाशी म्हणालास, "मॅडम, माझी दहावी यांना सांगू नकोस." मग टेप उलगडलीस ती फळ्यापासून मागच्या बाकापर्यंत, आणि साठ पोरं जागची उठून छिद्रांवर वाकली. एका मुलीने विचारलं, सर, ही चढवली तर मशीन थांबेल का? तू डोळे मिटलेस आणि टेप सरकवायला लागलास. शेवटच्या टोकाशी येऊन तू म्हणालास, "नाही थांबणार. यात थांब पंचच केलेलं नाही. मीच विसरलो होतो, तीस वर्षांपूर्वी." पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी पण वाजवल्या. आणि त्या टाळ्या थांबायच्या आत मी फळ्याकडे वळून म्हणाले, आता बघा, मास्तर जे करतात ते नेहमी का जमणार नाही ते मी सिद्ध करते.

हा माझा स्वभाव. कोणी जिंकायला लागलं की मला तिथे नाक खुपसावंच लागतं.

तो आपला जुना वाद तुला पाठ होता, तरी पुन्हा मांडते, कारण माझं सगळं पाप त्यात आहे. समज, असा एक मास्तर आहे की त्याला कुठलीही टेप द्या, तो मशीन न चालवता नुसता वाचून सांगतो, थांबेल किंवा थांबणार नाही. कधी चुकत नाही. मग मी एक खोडसाळ टेप बनवते. ती आधी त्या मास्तरालाच विचारते, माझं काय होणार? मास्तर म्हणाला थांबशील, तर ती मुद्दाम गोल गोल फिरत राहते. मास्तर म्हणाला नाही थांबणार, तर ती तिथल्या तिथे थांबते. म्हणजे काहीही सांगितलं तरी मास्तर खोटा. म्हणून असा मास्तर असूच शकत नाही. आज नाही आणि कितीही मोठे कॉम्प्युटर आले तरी कधीच नाही. हे सिद्ध झालं तेव्हा जगात एकही कॉम्प्युटर नव्हता, आणि यंत्राला काय जमणार नाही ते आधीच ठरून गेलं होतं. मला हे सांगताना अजून अंगावर काटा येतो.

तुला येत नसे. तू म्हणायचास, "ही टेप मास्तरला खोटं पाडायलाच पंच केलीय. आडमुठी आहे. अशी टेप लछूशेठकडे कोण आणणार?"

"पण दादा, सगळ्या टेपांना लागू पडेल अशी एक रीत नाही, हे तरी मान."

"मानलं. पण सगळ्या टेपांचं कोण विचारतंय? मी माझ्या हातातल्या टेपेचं बोलतोय."

जयंतीच्या दिवशी जेवताना, दिवाळीत, लग्नात पंगतीला, हा वाद आपण इतक्या वेळा घातला की वहिनी पातेली वाजवून आपल्याला गप्प करायची. मी जिंकले असं मी समजत होते. प्रमेय माझ्या बाजूला होतं. आता कळतं की त्या वादात आपण दोघंही टेपांबद्दल बोलतच नव्हतो. बाबांनंतर आपण दोघं एकेक वर्ष मोजत होतो. तू पन्नाशी ओलांडलीस तेव्हा केक कापताना माझ्याकडे बघितलंस, आणि मी पटकन दुसरीकडे बघितलं. त्या बघण्यात काय होतं ते तुला माहीत होतं आणि मलाही.

आता त्या रविवारकडे येते. मागच्या वर्षीचा, कात्रपच्या माझ्या घरातला. तू एकटाच आलास, वहिनीला न सांगता. माझी तन्वी कबड्डीच्या सरावाला गेली होती. तू खिशातून घडी केलेला कागद काढलास. जिना चढताना दोनदा डोळ्यांपुढे अंधारी आली म्हणून डॉक्टरांकडे गेला होतास. त्यांनी बाबांचं विचारलं, तुझ्या छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं आणि टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, लिहून दिला. खाली एक ओळ होती, भावंडांनीही करून घ्यावा.

"डॉक्टर म्हणतात, हे घराण्यात असू शकतं. बाबांचं तेच असणार," तू म्हणालास. "एकट्याला नको वाटतं. तू चल. दोघं एकदमच करून टाकू."

मी तुला सांगायला हवं होतं की मलाही भीती वाटतेय. ते मी सांगितलं नाही. मी हसले. म्हणाले, दादा, आधी कळून काय करणार आहेस? आणि मग, देवाची शपथ घ्यायची आपल्यात रीत नाही, नाहीतर घेतली असती, मी तो कागद उलटा केला, पेन काढलं आणि कोऱ्या बाजूवर तुला ते प्रमेय लिहून दाखवलं. आडमुठ्या टेपेसकट. कुठलं यंत्र कधी थांबेल ते आधी सांगता येत नाही, हे गणिताने सिद्ध झालेलं आहे, असं मी तुला म्हणाले. माझ्या सख्ख्या भावाला, त्याच्या हृदयाबद्दल.

तू नेहमीचं उत्तर दिलं नाहीस. माझ्या हातातल्या टेपेचं बोलतोय, असं म्हणाला नाहीस. तू कागदाकडे बघत राहिलास आणि मग म्हणालास, "मग जाऊ दे." तुझ्या चेहऱ्यावर सुटका दिसली, दादा. मला ती दिसली आणि मलाही सुटल्यासारखं झालं. आपण दोघं भेकड एकमेकांच्या आडोशाला उभे होतो. त्यानंतर मी सुकटीची चटणी केली, तू तीन भाकऱ्या खाल्ल्यास, बारवी धरणाकडे पावसाळ्यात एकदा सगळ्यांनी जायचं असं ठरवलंस. जाताना कागदाची घडी पुन्हा खिशात घातलीस.

लछूशेठचा फोन आला तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते आणि मी नेमकी वर्गातच होते. "बहनजी, मास्तर गिर गये. आप जल्दी आओ. उठत नाहीये, मी हलवतोय पण उठत नाहीये." ते हिंदीतून मराठीत आले तेव्हाच मला कळलं. त्यांच्या आवाजामागे मशीनची खडखड ऐकू येत होती. कोणाला ते बंद करायचं सुचलं नव्हतं.

वहिनी तेव्हापासून माझ्याकडेच आहे. अंबरनाथच्या घरात एकटीने बसवत नाही म्हणते. कार्यक्रम झाल्यावर चार दिवसांनी आम्ही दोघी तिथे गेलो, तिने तुझे कपडे आवरायला घेतले आणि कागद माझ्यापुढे धरला. घड्यांवर झिजला होता. तू वर्षभर तो या खिशातून त्या खिशात घालत होतास.

"हे तुझं अक्षर आहे ना?" ती म्हणाली. "प्रत्येक शर्ट धुवायला टाकताना काढून ठेवायचे. मी म्हटलं, काय आहे एवढं, तर म्हणायचे, सुनंदाने दिलंय. काय लिहिलंयस गं?"

मी म्हणाले, गणित आहे. तिने कागद उलटा केला. "आणि हे मागे?" डॉक्टरांचं इंग्रजी, तेही डॉक्टरांच्या अक्षरातलं. तिला ते वाचता येणार नव्हतं. मी म्हणाले, "कसलं तरी औषध आहे, जुनं." आणि कागद तिच्या हातातून घेतला. तुझ्या बायकोशी मी इतकं सरळ खोटं बोलले आणि ती "बरं" म्हणून तुझ्या शर्टांच्या घड्या घालत राहिली.

तेव्हापासून भीतीला घरच मिळालं आहे. आधी ती माझ्यापुरती होती. मग ती तन्वीकडे सरकली. तुझी भाची सोळाची झाली, दादा, कबड्डीत जिल्ह्याच्या निवडीला उभी आहे. तू तिला घेऊन दिलेले बूट घालते. मी हल्ली संध्याकाळी मैदानावर जाऊन बसते. तिला वाटतं, आईला मामाची आठवण येते म्हणून घरी करमत नाही. ती चढाईला जाते, दम धरते, पलीकडच्या चारपाच जणी तिच्यावर पडतात, ढीग होतो. त्या ढिगातून ती उठेपर्यंत मी श्वास घेत नाही. एकदा ती पाठीवर पडून आकाशाकडे बघत हसत होती, आणि मी कुंपणावरून ओरडले. सगळं मैदान माझ्याकडे बघायला लागलं. तिच्या खेळाच्या बाई म्हणाल्या, "मॅडम, इतकं काय, लागत नाही पोरींना."

आणि तरीही मी काही केलं नाही. तिचे बाबा शनिवारी पुण्याहून आले, त्यांनाही सांगितलं नाही. वर्गात जायचे, तेच प्रमेय शिकवायचे, आणि मनात स्वतःला तेच समजवायचे. आधी कळत नाही. कळू शकत नाही. झाकली मूठ बरी.

मग मागच्या मंगळवारी एका विद्यार्थ्याने हात वर केला. मागच्या बाकावरचा, कधी न बोलणारा. "मॅडम, म्हणजे कुठल्याच प्रोग्रॅमचं सांगता येत नाही का, थांबेल की नाही ते?" मी नेहमीच्या चपळाईने म्हणाले, छे, असं कुठे म्हटलंय? सगळ्यांना लागू पडणारी एक रीत नाही, एवढंच. एखादा ठरावीक प्रोग्रॅम समोर ठेवला तर पुष्कळदा नुसता बघून सांगता येतं. ही चूक करू नका, परीक्षेत हमखास विचारतात.

एवढं बोलले आणि खडू हातात तसाच राहिला. अठरा वर्षं मी पोरांना बजावते आहे की ही चूक करू नका. आणि मी तीच चूक, जाणूनबुजून, तुझ्यासमोर केली. तो काही अडाणीपणा नव्हता. मला पुरतं माहीत होतं. त्या पोराला अर्ध्या मिनिटात दिलं ते उत्तर मी तुला दिलं नाही, कारण तुला ते दिलं असतं तर मला चप्पल घालून तुझ्याबरोबर निघावं लागलं असतं. मी माझं सगळं शिक्षण, ज्यासाठी तू आयटीआय सोडलंस ते सगळं, एका तपासणीला जायला लागू नये म्हणून वापरलं.

गुरुवारी मी एकटी जाऊन आले. छातीवर लावलेलं जेल थंड होतं. तपासणाऱ्या मुलीने मान पडद्याकडे वळवली आणि बोलायची थांबली. तिच्या गप्प होण्यावरून मला कळलं. हृदयाची भिंत जाड आहे. डॉक्टर शांतपणे म्हणाले, घाबरू नका, यासोबत माणसं म्हातारी होतात, औषधं आहेत, लक्ष ठेवू, गरज पडली तर छातीत बसवायचं छोटं यंत्र आहे. वेळेत कळलं हे चांगलं झालं. मग त्यांनी विचारलं, मुलं किती? मी म्हणाले, एक. काय करते? मी सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. "तिचा इको होईपर्यंत मैदान बंद," ते म्हणाले. त्यानंतर त्यांनी तुझं विचारलं. तुमच्या भावाला काही त्रास होता का? आधी तपासलं होतं का?

मी नाही म्हणाले. तपासलं नव्हतं, तेवढं तरी खरंच होतं.

आज संध्याकाळी मी तन्वीला आणि वहिनीला समोर बसवलं. कागद मध्ये ठेवला, आणि दोन्ही बाजू वाचून दाखवल्या. आधी डॉक्टरांची, मग माझी. माझा रिपोर्ट सांगितला. उद्या तुझी तपासणी, तोवर खेळायचं नाही, असं तन्वीला सांगितलं. मला वाटलं होतं ती निवडीसाठी रडेल, आदळआपट करेल. तिने बूट बाजूला सरकवले आणि कागद हातात घेऊन दोन्ही बाजूंनी बघितला. मग म्हणाली, "आई, मग मामाला का नाही नेलंस?"

मी म्हणाले, घाबरले होते.

"मामा पण?"

"मामा पण."

वहिनी उठून ओट्यापाशी गेली, गॅस पेटवला, बंद केला. पाठ आमच्याकडेच ठेवून म्हणाली, "मला सांगायचंस. मला इंग्रजी येत नाही, पण हाताला धरून न्यायला येतं. ओढत नेलं असतं मी यांना." तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर मला बरं वाटलं असतं. मग तिने चहा ठेवला, तीन कप. मला दिला तो कप हातात दिला नाही, समोर ठेवला. ते मी समजून घेतलं आहे.

दादा, मला माफ कर असं म्हणायला मी हे लिहीत नाही. तू लगेच केलं असतंस, तुला तेवढीच घाई. तुझ्याशी वाद घालायलाही आता तोंड उरलेलं नाही. तू बरोबर होतास आणि तेही मी तुला तुझ्या तोंडावर कधी म्हटलं नाही.

उद्या सकाळी दहाची वेळ आहे. तन्वी आत जाईल आणि मला बाहेरच्या बाकावर बसवतील. आतली मुलगी बोलत राहते की गप्प होते, हे मी दारातून ऐकत बसेन. वहिनी येते आहे, तिने विचारलं नाही, नुसतं सांगितलं. भीती अजून आहे तेवढीच आहे. ती जायची वाट बघत नाही आता. तिला घेऊनच निघणार आहे. तुझ्या वेळीही मी एवढंच करायला हवं होतं.